बन्सीधरची जागा

॥ श्री शंभुमहादेव प्रसन्न ॥

मु. पूर्णा जंक्शन
माघ वद्य चतुर्थी, सन १३५३ फसली

चिरंजीव शिवरुद्र यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडचं क्षेम, तिकडचं कळवणे, असं वर लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. तिकडचं तू कळवलंच हायस, आणि ते वाचल्यापासून इकडचं क्षेम राहिलं न्हाई.

तरी बातम्या घे आधी. दाजींचा खोकला हाय तसाच. वैद्याचा काढा पितात आणि वरून बिडी ओढतात, मी काय बोलू. लढाईपायी रॉकेल चिठ्ठीवर झालंय. बाया पहाटेपासून बाटल्या घेऊन आपल्या दुकानासमोर बसतात आणि शिव्या मला देतात, जसं काही जर्मनाला मीच बोलावलंय. म्हैस व्याली, रेडा झाला. शेजारची कमलबाई विचारायली होती, तुमचा रुद्रा म्हणे सिकंदराबादला लय नाव काढायलाय, खरं का? मी म्हटलं, खरं. आणि त्याच दुपारी तुझं पत्र आलं.

पत्र दोनदा वाचलं. पालमला पंतोजीकडं दोन पावसाळे बसले तेवढीच माझी शाळा, म्हणून एकदा वाचून माझा माझ्यावर विश्वास बसत न्हाई. दोन्ही वेळा तेच निघालं. गिरणीच्या फुटबॉल टीमचा कोच म्हणतो, येत्या रविवारी तुला शेवटचं मधी उभं करतो, त्या दिवशी बॉल लांब मारला न्हाईस तर जागा दुसऱ्याला. आणि तू म्हणतोस, रविवारपर्यंत कशाला थांबू, शनिवारीच राजीनामा लिहून देतो, पूर्ण्याला येतो आणि दाजींच्या दुकानात बसतो. वर आणखी लिहिलंस की पूर्ण्याच्या टीमनं माझा खेळ नासवला.

दुकानात बसतो! तुला जिरं आणि बडीशेप वेगळी ओळखू येत न्हाई. बारा वर्षांचा असताना दाजींनी तुला एक तास गादीवर बसवलं होतं, तर गूळ मागायला आलेल्या बाईला तू बॉल पायाखाली कसा दाबायचा ते दाखवत बसलास, आणि ढेप कुत्र्यानं ओढत नेली. ती बाई अजून विचारते, तुमचं ते गुळाचं पोरगं कुठं असतं आता.

यायचं तर ये. घर तुझं हाय, मी कधी न्हाई म्हटलं न्हाई. पण टीमनं नासवलं हे जे लिहिलंस ना, ते इथं दारात उभं राहून बोलला असतास तर तोंडावर तांब्या रिकामा केला असता.

तुझं म्हणणं असं की तू बॉल जमिनीवरनंच देतोस, आखूड देतोस, वर उचलतच न्हाईस, म्हणून तिथली माणसं हसतात. कोच ओरडतो, "क्या मियाँ, अम्मा के आँगन में खेलरैं क्या? लंबा मारो!" मला राग यायच्या ऐवजी हसू आलं. त्या माणसाला सांगितलं कुणी? आंगणालगतच तर खेळायचास. अम्माच्या न्हाई, अक्काच्या.

आई आणि अण्णा पटकीत चार दिवसांच्या अंतरानं गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुला पालमहून बैलगाडीत घालून मी इथं आणलं. महिनाभर तू कुणाशी बोलला न्हाईस. जेवायचास आणि परसातल्या भिंतीवर चढून बसायचास. भिंतीपलीकडं लोको शेडची पोरं खेळायची. एका बाजूला माझी भिंत, दुसऱ्या बाजूला कोळशाचा ढीग, मधी जेमतेम दोन बैलगाड्या जातील एवढी जागा. एवढ्याशा बोळीला ती ग्राउंड म्हणायची. एक दिवस बघते तर तू भिंतीवर न्हाईस. पलीकडं डोकावले तर तू काळाकुट्ट, आणि हसायलास. आई गेल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवशी मी तुला अंघोळ घालताना रागावले खरी, पण दोन घंगाळी पाणी कमीच घेतलं, काळा रंग लवकर जाऊ नये असं वाटायलं म्हणून.

मग ते विभूतीचं झालं. तू तेव्हा लहान होतास, तुला निम्मंच ठाऊक असेल. दाजी संध्याकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलेले. डोळे मिटलेले. बॉल भिंतीवरनं आला तो थेट विभूतीच्या ताटात. दाजींनी डोळे उघडले तर मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, आणि पूजा चालू असल्यानं बोलता येईना. नुसते डोळे वटारून मला खुणावायले. मी बॉल उचलला आणि ज्वारीच्या कणगीत टाकला.

भिंतीशी सगळे रांगेत उभे. पुढं बन्सीधर. तो तेव्हा नवा फायरमन झाला होता, इंजिनावरनं उतरून सरळ खेळायला यायचा, दात तेवढे पांढरे दिसायचे.

"अक्का, बॉल द्या."

"उद्या."

"एकच बॉल हाय, अक्का."

"माझा नवरा पण एकच हाय."

मुंजाजी गोलमधी उभा असायचा, तो मागनं खी खी करायला लागला. बन्सीधरनं त्याच्या डोक्यात टपली मारली आणि मला हात जोडले. मी म्हटलं, ऐका. जमिनीवरनं खेळा, मला काही म्हणायचं न्हाई. पण बॉल गुडघ्याच्या वर उडाला आणि माझ्या आंगणात पडला, की दुसऱ्या दिवशीपर्यंत तो माझा. बन्सीधर म्हणाला, कबूल.

आणि त्यानं ते पाळलं, रे. नुसतं भिंतीकडंच न्हाई, सगळीकडं. कुणी वर उडवला की मुंजाजी ओरडायचा, "गेला अक्काकडं!" आणि खेळ थांबवून बॉल दुसऱ्या बाजूला द्यायचे. चार महिन्यांत बॉल माझ्या आंगणात यायचा बंद झाला. मलाच करमेना. दिवेलागणीच्या आधी कपडे काढायच्या निमित्तानं मी भिंतीशी उभी राहायले. मला त्यातलं अजून काही कळत न्हाई, ते ऑफसाईड का काय ते तू दहादा सांगितलंस तरी शिरलं न्हाई. पण एवढं कळायचं की मधी बन्सीधर उभा हाय आणि बॉल जिकडून निघो, त्याच्याकडनं फिरून जातो.

आणि तो तुला बोलायचा ते मी ऐकायचे. तू बॉल आला की मान खाली घालायचास. तो म्हणायचा, "रुद्रा, मी इंजिनावर फावडं मारताना फावड्याकडं बघतो का? भट्टीचं तोंड कुठं जात न्हाई. मी बघतो सिग्नलकडं. तुझे पाय कुठं जात न्हाईत. वर बघ. आधी बघ, मग घे." तुला पाठमोरा उभा करायचा आणि विचारायचा, महेबूब कुठं हाय? मुंजाजी कुठं हाय? चुकलास की कोळशाच्या ढिगाला एक चक्कर. तू रात्री झोपेत बडबडायचास, महेबूब डावीकडं, मुंजाजी मागं. दाजी म्हणायचे, या घरात आता झोपेत पण अकरा माणसं हायत.

नांदेडची टीम आली होती ते आठव. बूट घालून आलेली, पट्ट्यापट्ट्याचे सदरे. आमची सगळी अनवाणी. हसायले होते ते आधी. नंतर त्यांना बॉलच दिसेना. तुमी तो असा पायातनं पायात फिरवत नेला की मी भिंतीवर पोळपाट वाजवला, आणि दाजी म्हणाले, अगं, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणू द्या.

याला तू नासवणं म्हणतोस? मोठ्या मैदानात लांब मारायला येत न्हाई तर शीक. पाय हायत ना? पण जे येतं त्याची लाज कशाला? गिरणीच्या माणसानं तुला नेलं ते त्याच खेळावर नेलं. तो आला तेव्हा बन्सीधरचा पाय मुरगळला होता म्हणून तुला मधी उभं केलं आणि तू त्याच्या नजरेत भरलास. ते तुला ठाऊकच हाय. त्याच्यावर आणखी लिहायचं कारण न्हाई.

दूध उतू गेलं, उठले होते.

बसले पुन्हा. कारण हाय लिहायचं. पाच वर्षं टाळलं, आता तुझ्या त्या एका ओळीनं टाळायची सोय ठेवली न्हाई.

रुद्रा, बन्सीधरचा पाय मुरगळला नव्हता.

गिरणीचा माणूस आला तो बन्सीधरला बघायला आला होता. स्टेशन मास्तरला तसं पत्रच होतं, की तुमच्याकडं बन्सीधर नावाचा, मधी खेळणारा सेंटर हाफ हाय, तो बघायचाय. तुझं नाव कुठंच नव्हतं. आणि त्याच आठवड्यात दाजींचं आणि तुझं ते भांडण झालं. तू सतरा वर्षांचा, शाळा सोडलेली, दुकानात लक्ष न्हाई, उलट बोललास. दाजी म्हणाले, पुढच्या अमावास्येला याला पालमला चुलत्याकडं पोचवा, आता मला झेपत न्हाई. दाजी वाईट माणूस न्हाईत, पण बोलले की फिरत न्हाईत. आणि चुलत्याकडं तुझं काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. अण्णांची जमीन ज्यानं खाल्ली त्याच्याच गोठ्यात तू शेण काढलं असतंस.

मी सामन्याच्या आदल्या दिवशी बन्सीधरला कोळशाच्या ढिगापाशी गाठलं. वळसे घ्यायला मला येत न्हाई. म्हटलं, तुला रेल्वेची नोकरी हाय. बायको हाय. रुद्राला काही न्हाई. एक दिवस तुझी जागा त्याला दे.

तो फडक्यानं हात पुसत राहिला, एकच बोट दहादा. मग हसला.

"म्हणजे मी आजारी पडू का अक्का?"

"पाय मुरगळला म्हण."

"दाजी बघायला येतील. त्यांना कळंल."

"मी बांधते."

"बांधा मग."

हळद-चुना कालवून मी त्याच्या धडधाकट पायाला पट्टी बांधली. सामन्याच्या वेळी तो रेषेबाहेर ओंडक्यावर बसला आणि प्रत्येकाला ओरडून सांगत राहिला, रुद्राला दे, रुद्राला दे. त्या दिवशी सगळे बॉल तुझ्या पायात येत होते, तुला वाटलं नशीब. ते बन्सीधरचं तोंड होतं. पुढं आठ दिवस तो लंगडला. दाजी दुकानातनं बघायचे ना. पाचव्या दिवशी मुंजाजी सगळ्यांसमोर म्हणाला, "कप्तान, काल डावा होता न्हवं?" आणि बन्सीधर जागच्या जागी पाय बदलून लंगडला. सगळ्या टीमला ठाऊक होतं. तुला एकानंही सांगितलं न्हाई. ही ती टीम, जिनं तुझा खेळ नासवला.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. एवढं तर बन्सीधरनं स्वतः दिलं, राजीखुशीनं दिलं. पुढचं मी न विचारता घेतलं.

सामना झाल्यावर तो गिरणीचा माणूस दुकानात चहाला आला होता. दाजी आत होते. तो मला म्हणाला, "वो छोकरा अच्छा है. पन बन्सीधर कू देखना था. पाँव अच्छा होने दो, मैं एक महिने कू फिर आतूं." टीममधी एकच जागा हाय असंही म्हणाला. मला चहा गाळता गाळता एकच दिसायलं, की हा महिन्यानं परत येईल, बन्सीधरला खेळताना बघेल, आणि तू पालमच्या गोठ्यात. मी म्हटलं, "उसका पाय हर साल मुडता, साहेब. जुना दुखना है."

एवढंच बोलले. चहाचा कप त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, अच्छा, आणि त्यानं वहीत काहीतरी खोडलं. पंधरा दिवसांनी तुझं बोलावणं आलं आणि दाजींनी स्टेशनवर पेढे वाटले.

तुझ्यापेक्षा तो चांगला होता, रुद्रा. मला ऑफसाईड कळत न्हाई, पण हे कळतं. तूही चांगला हायस. तो जास्त होता. हे मी देवासमोर सुद्धा बोलले न्हाई, नुसती पूजा करून उठते.

आणि तो वाट बघत होता. हे मला ठाऊक असून मी रोज त्याला चहा दिला. त्याला वाटायचं, आज न्हाई तर पुढच्या साली तो साहेब येईल, आपला पाय बरा झाल्याचं त्याला कुणी तरी सांगेल. सिकंदराबादची मेल आली की दारात यायचा, "अक्का, रुद्राचं पत्र? त्यात आपल्याबद्दल काही?" मी म्हणायचे, तुला नमस्कार सांगितलाय. दोन पावसाळे विचारलं. मग नुसतं "रुद्राचं काय?" एवढंच विचारायला लागला. आता एकोणतीस वर्षांचा हाय. दोन मुली हायत. फौजेच्या गाड्या चालल्यात म्हणून सोळा-सोळा तास इंजिनावर असतो, खांदा उतरलाय त्याचा. संध्याकाळी सुटी असली तर त्या बोळीत पोरांना अजून शिकवतो. अजून बॉल गुडघ्याच्या वर जाऊ देत न्हाई. मी कधीची म्हणायले, बाबा, आता सोड तो नेम, पडू दे आंगणात. तर म्हणतो, "न्हाई अक्का, त्याच्यातच तर सगळं हाय."

परवा तुझं पत्र आलं तेव्हा तो दारातच होता. मी मोठ्यानं वाचलं न्हाई. पण माझं तोंड बघून त्यानं विचारलं, गाळायलेत का त्याला? मी म्हटलं, रविवारी शेवटचा सामना. टीमनं नासवलं हे वाक्य मी गिळलं. तो उठला, शेडमधी जाऊन चार दिवसांची रजा मागून आला. तीन वर्षांत एक दिवस रजा घेतली न्हाई त्यानं. म्हणाला, "मी जातो. तो मैदान लांब असलं की घाबरतो, लहानपणापासून. बाहेर कुणी ओरडायला पाहिजे."

म्हणून हे पत्र टपालानं येणार न्हाई. बन्सीधर आणतोय. तू हे वाचत असशील तेव्हा तो तुझ्या खोलीत, तुझ्यासमोर उभा असेल, हातात माझ्या दशम्यांचं गाठोडं धरून. त्याला अक्षर वाचता येत न्हाई. आत काय हाय ते त्याला ठाऊक न्हाई. त्यानं विचारलं, लय जाड पत्र हाय अक्का, रागावलात का त्याच्यावर? मी म्हटलं, हो.

आता तुझं काम सांगते. त्याला आधी बसव, पाणी दे. मग गिरणीच्या माणसाचा चहा जिथनं सुरू होतो तिथनं त्याला वाचून दाखव. शब्द गाळू नको, माझी बाजू सावरू नको. मी तोंडानं सांगायला तीनदा बसले आणि तीनदा त्यानं कप उचलून म्हटलं, लय झकास झालाय चहा. मला न्हाई जमलं.

वाचून झाल्यावर तो उठून परतीची गाडी धरेल, तर जाऊ दे. अडवू नको आणि मग तूही तुझा राजीनामा लिही, कारण त्याच्याशिवाय त्या जागेवर उभं राहायचा तुला काही हक्क न्हाई. पण तो थांबला, तर रविवारी खेळायचं. लांब मार, आखूड मार, हर किंवा जिंक, त्याचं मला काही न्हाई. फक्त त्याला रेषेबाहेर उभं राहून ओरडू दे.

मला जबाब लिहू नको. बन्सीधर पूर्ण्याला उतरेल तेव्हा मी फलाटावर असेन. शनिवारी उतरतो का मंगळवारी, त्यावरनं मला काय ते कळेल. आणि तो माझ्याकडं बघून पुढं निघून गेला तरी मी तिथंच उभी राहीन, घरी पळणार न्हाई.

त्या सगळ्या पोरांनी मला अक्का म्हटलं, त्यानं सगळ्यांत आधी. आज खाली ते लिहायला हात होत न्हाई. म्हणायचं का न म्हणायचं ते तुमी दोघं ठरवा.

महानंदा